परतीचा पत्ता

३ एप्रिल

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की, माझा सकाळचा चहा हल्ली रोज निवतो.

आयुष्यात आपत्ती येतात, नाही असं नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून हयात घालवली. किलोच्या नावाखाली नऊशे ग्रॅम देणाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला, एकाने तर तराजूचं पारडं फेकून मारलं, तेही चुकवलं. पण हातात गार कप घेऊन, ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही अशा लोकांचा पत्ता लागत नसल्याच्या बातम्या ऐकत बसायची पाळी माझ्यावर आली नव्हती. ती आता आली आहे, आणि ती तुझ्या कचेरीमुळे आली आहे.

तुला ठाऊकच आहे की मी मेल उघडत नाही. हे मी तुझ्या आईला सांगितलं आहे, झाडून सगळ्या नातलगांना सांगितलं आहे, दोन लग्नांत तर माइकवरून सांगितलं आहे. परवा खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य सहज वर आले आणि आपण होऊनच त्यांनी माझी पेटी उघडली. मी नुसता शेजारी बसलो होतो. चष्मा लावला होता, पण तो मी एरवीही लावतो.

पेटीत काय होतं? ‘आपण पाठवलेला निरोप पोचवता आला नाही. असा कोणी इसम येथे नाही.’ त्याखाली पुन्हा तेच. त्याखाली, ‘या इसमाची पेटी भरली आहे.’ त्याखाली, ‘हा विभाग अस्तित्वात नाही.’ असे ढीगभर. मी कोणालाही, कसलाही निरोप पाठवलेला नाही. दंतवैद्यांनी विचारलं, “तुमचं काही हरवलंय का?” म्हटलं, “माझं नाही, पण बरीच माणसं हरवलेली दिसतात.”

पत्त्यांचं शेपूट त्यांनी वाचून दाखवलं. ते तुझ्या कचेरीचं निघालं. तू तिथे मेलचा सर्व्हर सांभाळतेस असं ताई सांगत असते. म्हणजे जेव्हा माझ्याशी बोलायची तेव्हा सांगायची. तरी उलट टपाली खुलासा व्हावा.

तुझा,
मामा

ता. क. चहासाठी थर्मास घेतला आहे. बिल तुझ्याकडे पाठवत नाही, हा माझा मोठेपणा.


१० एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मेल उघडत नाही म्हणून हे कागदावर लिहिते आहे. पोस्टाची पेटी कुठे असते ते चार जणांना विचारावं लागलं.

आधी सगळं सांगते, मग हवं तेवढं रागवा. आमच्या संस्थेत ‘सर्वजण’ नावाची एक यादी आहे. त्या एका नावावर मेल टाकली की ती चार हजारांवर लोकांना जाते. माझ्या आधीच्या माणसाने ही सगळी नावं सर्व्हरवरच्या एकाच फायलीत, एकाच ओळीत, स्वल्पविराम देत देत लिहिली होती. ओळ इतकी लांबली की सर्व्हर अर्ध्यावरच वाचायचा सोडून द्यायचा. त्यामुळे यादीच्या दुसऱ्या अर्ध्यातल्या लोकांना वर्षानुवर्षं एकही परिपत्रक मिळालेलं नाही. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासावर आणल्याचंही त्यांना माहीत नाही. ते अजून दीड तास जेवतात. तब्येतीने ते बाकीच्यांपेक्षा बरे आहेत, असं आमचे डॉक्टर खासगीत सांगतात.

मी आल्यावर ती नावं विभागवार वेगवेगळ्या फायलींत काढली आणि मुख्य फायलीत फक्त ‘तिकडे बघ’ एवढं लिहिलं. आता मेल सगळ्यांकडे जाते. पण प्रत्येक यादीला परतीचा एक पत्ता लावावा लागतो. जे पोचत नाही ते परत फिरून तिथे येतं. तो पत्ता आधी लेखापालांचा होता. ते रजेवर जाताना ‘मी रजेवर आहे’ असं आपोआप जाणारं उत्तर लावून गेले. ते उत्तर कसं कोण जाणे यादीवर गेलं. यादीने ते सर्वांना पाठवलं. सर्वांत लेखापालही आले. त्यांच्या पेटीने लगेच उत्तर दिलं की ते रजेवर आहेत. ते परत येईपर्यंत अख्ख्या संस्थेला जगातली दुसरी काहीच बातमी नव्हती.

मग संचालकांनी फर्मान काढलं : परतीचा पत्ता अशा माणसाचा लावा, जो कधीही, कुठल्याही परिस्थितीत मेलला उत्तर देणार नाही.

मी पुष्कळ विचार केला, मामा. असा माणूस मला जगात एकच ठाऊक होता.

सगळ्या याद्यांना मी तुमचाच पत्ता लावून टाकला. आता काढायचा म्हटलं तर सर्व्हरवर काहीही बदललं की त्याची नोंद संचालकांसमोर जाते, आणि माझा करार मेअखेर संपतो आहे. वाढवून मिळावा म्हणून अर्ज केला, त्याला उत्तर नाही. अशात ‘हे मामा कोण?’ असा प्रश्न निघाला तर संपलंच. तेवढं मेअखेरपर्यंत सोसा. पेटी उघडू नका, म्हणजे त्रास नाही.

आणि दंतवैद्यांनी उघडलीच आहे तर माझ्या जुन्या तीन मेलही दिसल्या असतील. तुम्ही नेलेल्या शिडीबद्दलच्या. आई स्टुलावर स्टूल ठेवून बल्ब बदलते.

तुमची,
खार


१७ एप्रिल

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

शिडी? कसली शिडी? दंतवैद्यांनी एवढं खालपर्यंत पाहिलं नाही.

तुझं पत्र वाचून ऊर भरून आला. आपल्या घरात माझ्या तत्त्वाची कदर करणारं कोणी आहे, हे या वयात कळलं. तेव्हा तुझ्या संचालकांचा हुकूम मी पाळणार. मेलला मी उत्तर देणार नाही. मात्र हुकुमात टपालाचा उल्लेख नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

माणूस ‘येथे नाही’ असा शेरा येतो आणि कोणी चौकशीही करत नाही, हे मला बघवलं नाही. आमच्या खात्यात एक वजन कमी भरलं तरी पंचनामा व्हायचा. इथे माणसंच कमी भरताहेत. मी तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर टपालाने नोटिसा धाडायला सुरुवात केली आहे. मासला पाठवतो :

‘नोटीस. आपल्याला पाठवलेला निरोप “असा कोणी इसम येथे नाही” या शेऱ्यासह परत आला आहे. तरी आपण येथे आहात किंवा कसे, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. नसल्यास तसे समक्ष येऊन सांगावे.’

खाली माझा जुना शिक्का : निरीक्षक. त्याखाली ‘सेवानिवृत्त’ असं हाताने लिहितो. खोटेपणा आपल्या रक्तात नाही.

गुण लगेच आला. भांडार विभागातले एक गृहस्थ काल समक्ष आले आणि आपण तिथे नाही असं सांगून गेले. तो विभाग केव्हाच बंद झाला, पण परिपत्रक पोचलं नाही म्हणून ते रोज येऊन बसतात. पगार मिळतो. दार उघडून किल्ली जागेवर ठेवतात, दीड तास जेवतात, संध्याकाळी दार लावतात. “मी आता काय करू, साहेब?” म्हणाले. म्हटलं, “खुलासा लिहा.” त्यांनी इथेच बसून सुवाच्य अक्षरात लिहिला. जाताना पायरीवर थांबून म्हणाले, “फार वर्षांनी कोणीतरी काम सांगितलं.”

तू आपल्या अर्जाची काळजी करू नकोस. उत्तर येत नाही, म्हणजे नाही म्हटलं असं होत नाही.

तुझा,
मामा


२८ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, आता बास करा.

आमच्याकडे तपासणी सुरू झाली आहे, असं सगळे धरून चालले आहेत. कसली, कोणाची, ते कोणाला माहीत नाही, पण जिने धुतले. शिक्क्यातली पहिली ओळ सगळे वाचतात. खालची ‘सेवानिवृत्त’ ही ओळ मी सोडून कोणीही वाचलेली नाही. आवक-जावकच्या बाईंकडे कित्येक वर्षं एक पाकीट आलं नव्हतं. त्या आता कडक इस्त्रीची साडी नेसून येतात आणि प्रत्येक नोटीस स्वतः नेऊन हातात देतात. देताना म्हणतात, “आलंय तुमचं.” तेवढ्यानेच माणूस हातातलं काम टाकून खुलासा लिहायला बसतो.

लोक आपण इथे असल्याचे दाखले आणताहेत. छपाईवाल्याने आपल्या खुर्चीवर बसलेला फोटो जोडला. लिफ्टवाला म्हणतो, “मी कधी वर असतो, कधी खाली, खुलाशात काय लिहू?” एका बाईंनी खुलाशात लिहिलं की मी येथे आहे परंतु आनंदात नाही, तो खुलासा फोटोकॉपी होऊन सगळ्या मजल्यांवर फिरतो आहे. दुसऱ्या अर्ध्यातल्या लोकांना सुट्टी अर्ध्या तासाची असल्याचं एकदाचं कळलं, तर त्यांनी मागणी केली की आम्हाला यादीतून पुन्हा काढा. माझ्याकडे शिष्टमंडळ आलं होतं. म्हणाले, “आमची ओळ परत एक करा.”

आणि संचालक माझ्यावर नाराज आहेत. तीनदा अर्ज केला मामा, साधं ‘मिळाला’ असंही नाही. जिन्यात दिसले की मान हलवतात, ती कशासाठी हलवतात ते कळत नाही. मी दुसरीकडे विचारून ठेवलं आहे. एका शीतगृहात रात्रपाळीला बटाट्यांचं तापमान नोंदवायला माणूस हवा आहे. लोकरीचे कपडे ते देतात.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. पण काल ती स्टुलावरून उतरता उतरता म्हणाली, “काय म्हणतोय तो?” कोण ते म्हणाली नाही.

तुमची,
खार


४ मे

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

बास केलं. तू म्हणालीस, मी थांबलो. नोटिसांचे कागद तसेही संपले.

फक्त कुतूहल म्हणून विचारतो : तुमच्यात संचालकांकडे अर्ज करायचा झाला तर तो थेट त्यांच्या नावाने टाकतात, की त्यालाही एखादी यादी आहे? दंतवैद्य विचारत होते.

बटाट्यांचं तापमान घेणं वाईट नाही. पण बटाटा खुलासा देत नाही.

तुझा,
मामा


११ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

थेट टाकायची मनाई आहे. ‘संचालक-कार्यालय’ नावाची यादी आहे, अर्ज तिच्यावरच करायचा. त्या यादीत तिघं : संचालक, त्यांचे स्वीय सहायक, जे पद रिकामं आहे, आणि एक फॅक्सचं यंत्र, जे कोणाला सापडत नाही. अर्ज टाकला की आपण मोकळे. पुढचं त्यांच्या हातात.

दंतवैद्यांना कशाला हवं आहे हे? त्यांना इथे नोकरी करायची आहे का?

शीतगृहातून होकार आला. एक तारखेपासून या म्हणतात. मी अजून कळवलं नाही, पण हातमोज्यांचं माप दिलं.

तुमची,
खार


२७ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दाढ ठणकत होती म्हणून काल संध्याकाळी तुमच्या इमारतीत आले होते. वर आले नाही, राग मानू नका. तोंड अर्धं बधिर होतं आणि जे बोलायचं होतं त्याला पूर्ण तोंड लागणार होतं. ते आता लिहिते.

परवा आवक-जावकच्या बाई एक गठ्ठा दोन्ही हातांत धरून संचालकांकडे गेल्या. लाल फीत, वर तुमचा शिक्का. पहिल्या पानावर नोटीस : ‘आपली पेटी भरून वाहत असल्याने आपल्याकडे कोणाचेही काही पोचत नाही. पेटी तात्काळ रिकामी करावी. दरम्यान परत आलेले सर्व अर्ज तारीखवार छापून सोबत जोडले आहेत. क्रम बदलू नये.’

संचालक दार लावून बसले. मला आत बोलावलं आणि म्हणाले, “माझी पेटी उघडून दाखवा.” मामा, त्यांची पेटी लेखापालांच्या रजेने भरलेली होती. वरपासून खालपर्यंत ‘मी रजेवर आहे’. त्या दिवसांपासून तिच्यात नवं काही शिरलंच नव्हतं. म्हणाले, “मला वाटायचं संस्था सुरळीत चालली आहे. कोणाची काही तक्रारच नाही.”

मग त्यांनी गठ्ठा घेतला आणि निरीक्षकांकडून आलाय म्हणून एकूण एक अर्ज मंजूर केला. न वाचता. पाडून टाकलेल्या खोलीला पंखा मंजूर झाला. निवृत्त झालेल्या तिघांना बाळंतपणाची रजा मंजूर झाली, त्यांतले दोघे पुरुष आहेत. आणि माझे तीनही अर्ज त्यात होते, आपापल्या तारखेला, ना वर ना खाली. तीनही मंजूर झाले. मला तीन वेळा नेमलं आहे. लेखापाल विचारताहेत की मी तिघी आहे याचा दाखला कुठे मिळेल. एकाच करारावर सही करते म्हटलं, बाकीचे दोन परत घ्या. ते म्हणाले, परत घेण्यासाठी अर्ज करावा लागेल.

शीतगृहाला नाही कळवलं. हातमोजे त्यांनी पाठवले होते, ते परत केले.

याद्यांचा परतीचा पत्ताही बदलला. संचालकांनीच विचारलं, “हा कोणाचा पत्ता?” मी म्हटलं, “निरीक्षकांचा.” ते उठून उभे राहिले. आता सगळं आवक-जावकच्या बाईंकडे जातं. त्या सगळं वाचतात आणि उत्तर कोणालाच देत नाहीत. त्यांना सवय आहे. तुमच्या पेटीत आता काही येणार नाही. चहा गरम प्या.

दंतवैद्यांचं राहिलं. त्यांना म्हटलं, “मामांची मेल तुम्ही उघडता ते बरं आहे.” ते म्हणाले, “मी तुमच्या मामांच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. तेच रोज सकाळी खाली येतात, प्रिंट काढायला. आठ वाजता दवाखाना उघडायच्या आधी दारात उभे असतात.”

म्हणजे माझे अर्ज परत येताहेत, हे तुम्हाला एप्रिलपासून ठाऊक होतं. मला एका ओळीने सांगितलं असतंत तरी चाललं असतं. पण मग मेल उघडता हे कबूल करावं लागलं असतं, आणि ते केलं की त्यापाठोपाठ दुसरंही एक कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा अख्खी संस्था धुऊन काढणं तुम्हाला सोपं गेलं.

मी रागावलेली नाही. रागवायचं ठरवलं होतं, पण बधिरपणा उतरेपर्यंत रागही उतरला.

तुमची,
खार (तिघी)


३ जून

चि. तिन्ही खारूतायांस,
अनेक आशीर्वाद.

दंतवैद्य हा मनुष्य दात चांगले काढतो, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. असो.

काल तुझ्या संचालकांकडून एक खोकं आलं. आत भिंतीवरचं घड्याळ, दर तासाला टोले देणारं, आणि चिठ्ठी : ‘तपासणी सुखरूप पार पडल्याबद्दल.’ घड्याळ देखणं आहे. मी ते टेबलावर ठेवून बराच वेळ पाहत बसलो. नोकरीत असताना मी कोणाकडून पेढ्याएवढंही काही घेतलं नाही. दुकानदार तराजूला हात लावायच्या आधी माझ्या पिशवीकडे बघायचे आणि ती रिकामी बघून घाबरायचे. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात असू नये, हे मी अख्ख्या बाजाराला शिकवलं.

हे मनाशी म्हणत असताना माझी नजर खोलीभर फिरली. एका ठिकाणी थांबली. मग मी घड्याळ पुन्हा खोक्यात घातलं.

टेम्पोवाल्याला बोलावलं आहे. घड्याळ तो तुमच्या कचेरीत उतरवील. सोबत संचालकांना पत्र दिलं आहे, त्यात ‘सेवानिवृत्त’ हा शब्द या वेळी वरच्या ओळीत लिहिला आहे. भांडारातल्या गृहस्थांना कुठे तरी बसवा, असंही लिहिलं आहे. ते अजून रोज येऊन किल्ली जागेवर ठेवत असतील.

इंटरनेटची डबी मी आज कपाटावर ठेवली. आधी ती खोलीच्या मधोमध उंचावर होती, तिथे चांगली चालायची. कशावर होती ते विचारू नकोस. तिथे काढून ठेवलेले जुने पेपर रद्दीत दिले, मोजे वाळत घालायला खिळा ठोकला. कपाटावरून मेल जरा उशिरा येतात. आज सकाळी तर पेटी उघडली आणि आत काहीच नव्हतं. चहा मात्र इतका गरम होता की जीभ भाजली.

टेम्पोत पुष्कळ जागा शिल्लक होती. एका घड्याळासाठी अख्खी गाडी पाठवणं मला बरं दिसेना. म्हणून शेजारी एक लांबट वस्तू आडवी घालायला सांगितली आहे. ती आधी ताईकडे उतरेल. सगळ्यात वरच्या पायरीवर कपाच्या तळाचा गोल डाग आहे, तो घासला, निघाला नाही. खालचा एक स्क्रू ढिला होता, तो घट्ट केला आहे. स्टुलं दोन्ही जमिनीवर ठेवावीत म्हणावं.

पोच देऊ नकोस. परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं मी समजेन.

तुझा,
मामा